सेवा करणाऱ्या हातांनाही ताप येतो



पावसाळा लागला की सातपूरच्या आपल्या वस्त्यांत दोन गोष्टी एकदम वाढतात. एक ताप आणि दुसरे ड्युटीचे फोन. हवा ओली झाली की गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगरच्या फ्लॅटांत म्हाताऱ्या माणसांचा दमा उसळतो. कोणी ओल्या फरशीवर घसरून खुबा मोडून घेते, कोणी न्यूमोनियातून उठून दवाखान्यातून घरी येते. मग ब्युरोचा निरोप येतो, उद्यापासून दिवसपाळीला बाई पाहिजे. स्वारबाबानगर, प्रबुद्धनगर, अशोकनगर, श्रमिकनगर या भागांतून सकाळी डबा घेऊन निघणाऱ्या बायकांत कंपनीत जाणाऱ्या असतात, धुणीभांड्याला जाणाऱ्या असतात, तशा आता पेशंटच्या ड्युटीला जाणाऱ्याही असतात.

या कामाला कोणी केअरटेकर म्हणते, कोणी आया, कोणी नुसतेच पेशंटवाल्या मावशी. काम मात्र एकच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पुसायचे, भरवायचे, त्याची कूस बदलायची, डायपर बदलायचे, गोळ्या वेळेवर द्यायच्या आणि बारा तास त्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवायचे. पेशंटचे ब्लडप्रेशर, साखर, ऑक्सिजन घरच्यांना रोज वहीत लिहिलेले हवे असते. त्या वहीत एक रकाना मात्र कधीच नसतो. सांभाळणाऱ्या ताईला आज बरे आहे का, हा तो रकाना.

या वेळचे आरोग्य पान त्या रकान्यासाठी आहे. ताईची तब्येत हा तिचा एकटीचा प्रश्न आहे असे ब्युरोला वाटते, पेशंटच्या घरच्यांना वाटते आणि बऱ्याचदा तिला स्वतःलाही वाटते. पण आजारी बाईने केलेली सेवा पेशंटला आजारी पाडते, आणि तोच आजार संध्याकाळी वस्तीत तिच्या लेकरांपर्यंत येतो. म्हणून तिची सुट्टी, तिची लस आणि तिचा विमा हे पेशंटच्या उपचाराइतकेच गरजेचे आहेत.

तथागतांनी रुग्णसेवेबद्दल काय सांगितले

वर्षावासात आपण विहारात ग्रंथवाचन करतो. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे, तो या काळात जरूर वाचावा. एका भिक्खूला जुलाब लागले होते आणि तो स्वतःच्याच घाणीत पडून होता. तो कोणाच्या उपयोगी पडत नाही म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. भगवान बुद्ध आणि आनंद विहारात फेरी मारताना तिथे पोहोचले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले. मग एकाने डोक्याकडून आणि एकाने पायांकडून धरून त्याला उचलले आणि बिछान्यावर ठेवले. नंतर भिक्खूंना बोलावून सांगितले की तुमची शुश्रूषा करायला इथे आईवडील नाहीत, तुम्हीच एकमेकांची केली पाहिजे. ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असा त्या उपदेशाचा आशय आहे.

चांगल्या रुग्णसेवकाचे पाच गुणही तिथे सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे. पथ्य काय आणि कुपथ्य काय हे त्याला कळावे. त्याने लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीच्या भावनेने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, उलटी यांची त्याला किळस वाटू नये. आणि धम्माच्या बोलण्याने त्याने आजाऱ्याचे मन उभारावे. आज नर्सिंगच्या वर्गात जे शिकवतात त्याचा गाभा यात आला आहे.

यातला तिसरा गुण काही लोक सोयीने वापरतात. ‘सेवा आहे, पैशाचे काय घेऊन बसलात’ असे म्हणतात. त्यांनी त्याच महावग्गातला पुढचा भाग वाचावा. एखादा भिक्खू वारला तर त्याचे चीवर आणि पात्र संघाच्या मालकीचे होई. पण शुश्रूषा करणाऱ्यांचे उपकार मोठे आहेत असे सांगून भगवंतांनी ते चीवर आणि पात्र त्यांना देण्याची अनुज्ञा दिली. सेवा मैत्रीने करायची आणि सेवा करणाऱ्याचा वाटा समाजाने द्यायचा, हे दोन्ही धम्मात एकत्र आहे.

ताप एका घरातून दुसऱ्या घरात कसा जातो

घरी सांभाळल्या जाणाऱ्या पेशंटकडे बाहेरचे माणूस क्वचित येते. रोज बाहेरून येणारी व्यक्ती बहुधा ताईच असते. ती बसमधून येते, वस्तीतून येते, कधी एक ड्युटी संपवून दुसऱ्या पेशंटकडे जाते. तिच्या अंगात सर्दी-तापाचा विषाणू असला तर तो ऐंशी वर्षांच्या आजोबांपर्यंत जायला एक खोकला पुरतो. तिला तीन दिवसांत बरे वाटेल, आजोबांना न्यूमोनिया होऊ शकतो. उलटही तेवढेच घडते. आजोबांना फ्लू झालेला असतो, घरचे त्याला ‘साधी सर्दी’ म्हणतात, आणि ताई तो विषाणू घेऊन दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांत परत येते.

यात सगळ्यात जास्त नुकसान करणारी सवय म्हणजे पॅरासिटामॉलची गोळी घेऊन ड्युटीला जाणे. गोळीने ताप उतरतो, विषाणू जात नाही. अंगाला थंड लागणारी बाई तेवढाच आजार पसरवत असते. साधा नियम असा. फ्लूसारखा ताप असेल तर गोळी न घेता पूर्ण २४ तास ताप आला नाही आणि अंगातही सुधारणा वाटली, तरच पेशंटजवळ जावे. जुलाब-उलट्या थांबल्यावर ४८ तास घरी राहावे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करावी. क्षयरोगाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, आणि उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेत महिन्याला १,००० रुपये मिळतात.

हे नियम ऐकून ताई हसतात. ‘खाडा केला तर पैसे कोण देणार?’ प्रश्न बरोबर आहे. त्याच्याकडे पुढे येऊ. आधी या मोसमातले आजार पाहू.

रात्रपाळी करणाऱ्यांनी दिवसा मच्छरदाणी लावावी

डेंग्यू आणि चिकनगुनिया पसरवणारा एडिस डास साठवलेल्या साध्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. आपल्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळी येते, म्हणून ड्रम, पिंप, टाकी भरून ठेवावी लागते. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा भांडी पूर्ण रिकामी करून, आतून घासून, कोरडी केली तर साखळी तुटते. नुसते पाणी ओतून चालत नाही, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. हे काम पेशंटच्या घरीही करायला सांगा. कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, कूलर आणि बाल्कनीतले टाकाऊ सामान बघा.

रात्रपाळी करणाऱ्या ताईंचा धोका वेगळा आहे. त्या सकाळी घरी येऊन भर दिवसा झोपतात, म्हणजे एडिस डास चावतो त्याच वेळी. आपल्याकडे मच्छरदाणी रात्री लावायची वस्तू समजली जाते. या ताईंनी ती दिवसा लावावी आणि अंगभर कपडे घालून झोपावे. लहान बाळ सोबत झोपत असेल तर त्यालाही आत घ्यावे.

ताप आला तर पॅरासिटामॉल घ्या, भरपूर पाणी आणि पातळ पदार्थ घ्या. दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या आणू नका. डेंग्यूत ॲस्पिरिन, आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पेशंटला हृदयासाठी रोजची ॲस्पिरिन चालू असेल आणि त्याला ताप आला, तर गोळी स्वतःच्या मनाने चालू ठेवू नका आणि बंदही करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

लक्षात ठेवायची गोष्ट ही, की डेंग्यूत ताप उतरतो तेव्हा धोका संपत नाही. तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरत असतानाच काही जणांची तब्येत बिघडते. पोटात सतत दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, खूप सुस्ती, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, यातले एकही लक्षण दिसले तर थेट रुग्णालयात जा. १०८ ला फोन करा. पपईच्या पानांचा रस, शेळीचे दूध, किवीची फळे यांनी डेंग्यू बरा होतो याला भक्कम पुरावा नाही. त्यावर पाचशे रुपये घालवण्यापेक्षा रक्ताची तपासणी करा.

फ्लू, जुलाब आणि ओल

महाराष्ट्रात फ्लू वर्षातून दोनदा वाढतो, पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये. स्वाइन फ्लू हे नाव आपल्याला २००९ मध्ये कळले. देशातला त्याचा पहिला मृत्यू त्या वर्षी ३ ऑगस्टला पुण्यात झाला. तो विषाणू आता दरवर्षीच्या फ्लूमधला एक होऊन बसला आहे. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलत राहतो, आणि लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हाताऱ्या, मधुमेही, दमेकरी पेशंटला आणि त्यांना सांभाळणाऱ्यांना ही लस मिळावी. महापालिकेच्या किंवा जिल्हा रुग्णालयात ती मोफत उपलब्ध आहे का, ते विचारा. नसेल तर लसीचा खर्च ब्युरोने किंवा पेशंटच्या घरच्यांनी करावा असा आग्रह धरा. पेशंटच्या एका दिवसाच्या आयसीयूपुढे तो खर्च किरकोळ आहे.

म्हाताऱ्या पेशंटमध्ये आजार ओळखायची खूण तापात शोधू नका. वयस्कर माणसाला न्यूमोनिया होऊनही ताप येत नाही असे होते. कालपर्यंत बोलणारी आजी आज गोंधळल्यासारखी बोलते, जेवायला नको म्हणते, सारखी झोपते, श्वास भरभर घेते, ही त्याची चिन्हे आहेत. ऑक्सिजन नेहमीपेक्षा खाली गेला किंवा ९४ च्या खाली आला तर घरच्यांना आणि डॉक्टरांना लगेच कळवा. जुन्या दम्याच्या काही पेशंटचा आकडा कायमच कमी असतो, म्हणून ‘नेहमीचा आकडा किती’ हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून घ्या. पेशंटला भरवताना उशी लावून बसते करा आणि जेवल्यावर अर्धा तास तसेच ठेवा. झोपवून भरवले तर घास फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो.

जुलाबाच्या दिवसांत पाणी उकळून घ्या. ओआरएसचे एक पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवायचे, अर्ध्या ग्लासात अर्धे पाकीट असे अंदाजाने नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, छोटा. पेशंटला हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती पाणी द्यायचे हे डॉक्टरांना विचारा. जुलाबाच्या पेशंटचे काम झाल्यावर सॅनिटायझरवर भागवू नका, साबण आणि पाण्यानेच हात धुवा.

ओल हा तिसरा त्रास. कपडे वाळत नाहीत, दमट चादरीवर पेशंटची पाठ आणि जांघा लाल होतात, गजकर्ण होते. झोपून असलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदला, कातडी कोरडी ठेवा, ओले डायपर लगेच बदला. तुमच्याही बोटांच्या बेचक्या, पायांच्या बोटांमधली जागा, ब्लाउजची कड ओली राहू देऊ नका. पेशंटच्या घरी एक वेगळा कोरडा ड्रेस ठेवा. भिजत आलात तर आधी बदला, मग पेशंटला हात लावा. खाज आली म्हणून मेडिकलमधली स्टेरॉइड मिसळलेली मलमे लावू नका. खाज थांबते पण गजकर्ण पसरते.

कंबर आणि सुई

या कामातले दोन अपघात मोसम बघत नाहीत. पहिला कंबरेचा. सत्तर किलोच्या पेशंटला एकटीने उचलणे हे कौशल्य नाही, तो धोका आहे. महावग्गातल्या त्या भिक्खूला उचलायलाही दोघे होते, एक डोक्याकडे, एक पायांकडे. पेशंटखाली दुहेरी घडीची चादर घाला आणि दोघींनी दोन्ही बाजूंनी ती धरून सरकवा. गुडघ्यात वाका, कंबरेत नको. दुसरे माणूस हाताशी नसेल तर घरच्यांना हाक मारा. त्यासाठी संकोच वाटायचे कारण नाही.

दुसरा अपघात सुईचा. इन्सुलिनच्या वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नका. जाड प्लास्टिकच्या बरणीत टाका, बरणी भरली की घरच्यांकडे द्या. सुई टोचलीच तर जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, पिळू नका, चोखू नका, स्पिरिट चोळू नका. त्याच दिवशी, शक्य तर दोन तासांत, जिल्हा रुग्णालयात जा. एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आतच सुरू करता येतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. कावीळ बी ची लस तीन वेळा घ्यायची असते, आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. हे काम करणाऱ्या प्रत्येकीने ती घेतलेली असावी.

आणखी एक सांगणे. शिरेतून इंजेक्शन देणे, सलाईन लावणे, नाकातून नळी घालणे, लघवीची नळी बसवणे ही नोंदणी असलेल्या नर्सची कामे आहेत. ब्युरोने किंवा घरच्यांनी ‘तुला जमते ना, कर’ म्हटले तरी प्रशिक्षण नसताना करू नका. चुकले तर पेशंटचा जीव जातो आणि ठपका तुमच्यावर येतो.

खाड्याचा हिशेब

आता त्या प्रश्नाकडे. ताप आला तरी बाई कामावर का जाते? कारण खाडा म्हणजे त्या दिवसाचे पैसे गेले, आणि दोन-तीन खाडे म्हणजे ड्युटीच दुसरीला गेली. हे बदलल्याशिवाय ‘आजारी असाल तर घरी राहा’ असे सांगणे पोकळ आहे.

आपल्यात त्यागाचा मोठा आदर आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीबाईंनी मुलगा डॉ. यशवंत यांच्यासोबत रुग्णांची सेवा केली. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून उपचारासाठी आणले. त्यात त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यापुढे आपण नतमस्तक आहोत. पण ज्या काळात संरक्षणाचे साधन नव्हते, त्या काळातला हा त्याग आहे. आज मास्क आहे, हातमोजे आहेत, लस आहे, विमा आहे. सावित्रीबाईंचे नाव घेऊन कोणी आपल्या पोरींकडून बिनमास्कचे, बिनसुट्टीचे काम करून घेत असेल तर तो त्यांचा आदर नव्हे.

हक्काची वाट बाबासाहेबांच्या काळात आखली गेली. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना मांडणारा प्रा. अडारकर यांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि १९४८ मध्ये राज्य कामगार विम्याचा कायदा झाला. त्याच कायद्याचे रुग्णालय आपल्या सातपूरला आहे. आपल्यातले कितीतरी जण तिथे ‘ईएसआय’चे कार्ड घेऊन जातात. पण घरोघरी पेशंट सांभाळणाऱ्या बहुतेक ताईंच्या नावाचे कार्ड नसते.

नवरा कंपनीत असेल आणि त्याचे कार्ड असेल तर बायकोला औषधोपचार मिळतो. तिच्या बुडालेल्या पगाराची भरपाई मात्र त्या कार्डावर मिळत नाही. त्यासाठी तिचे स्वतःचे कार्ड लागते. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना हा विमा लागू होतो. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. म्हणजे १५,००० रुपये पगारावर ताईचे सुमारे ११३ रुपये आणि मालकाचे सुमारे ४८८ रुपये. त्याबदल्यात उपचार मिळतात आणि आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. पाचशे रुपये रोज असेल तर साधारण साडेतीनशे. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते आणि विमा डॉक्टरांचा दाखला लागतो. कामावर इजा झाली तर ९० टक्के आणि बाळंतपणात २६ आठवड्यांचा लाभ आहे. आजारपणाचे पहिले दोन दिवस सहसा धरले जात नाहीत. म्हणून दोन-तीन दिवसांच्या तापासाठी ब्युरोनेच पगारी सुट्टी द्यायला हवी.

इथे ब्युरोवाले एक पळवाट काढतात. ‘आम्ही फक्त ओळख करून देतो, तुम्ही आमच्या कामगार नाही.’ पण ड्युटी कोणी ठरवली, पगार कोणाच्या हातून येतो, गणवेश आणि ओळखपत्र कोणाचे, कामावरून कोण काढते, यावरून मालक कोण ते दिसते. म्हणून पगार बँकेत घ्या, ड्युटीचे मेसेज पुसू नका, वहीत तारखा लिहा. हे कागद घेऊन कामगार उपायुक्त कार्यालयात किंवा राज्य कामगार विमा महामंडळाच्या कार्यालयात दाद मागता येते.

ज्या ताई कोणत्याच ब्युरोत नाहीत, थेट घरी काम करतात, त्यांनी ई-श्रम कार्ड काढावे. १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांसाठी ते आहे. घरकाम आणि देखभाल दोन्ही करत असाल तर २००८ च्या कायद्याने झालेल्या महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळात नोंदणीची चौकशी करा.

वेगळा कप

काही घरांत ताईच्या हातून आजोबांचे अंग पुसलेले चालते, पण तिचा चहाचा कप वेगळा ठेवतात. विचारले तर ‘इन्फेक्शन होऊ नये म्हणून’ सांगतात. परिचारिका म्हणून सांगते, साबणाने धुतलेल्या कपातून असा संसर्ग होत नाही. आजार थांबवायचा असेल तर घरातल्या सगळ्यांनी हात धुवावेत, खिडक्या उघडाव्यात, खोकणाऱ्याने मास्क लावावा. हे नियम सगळ्यांना सारखे असतात. जो नियम आडनाव विचारल्यावर सुरू होतो तो आरोग्याचा नियम नाही. ती अस्पृश्यता आहे आणि संविधानाच्या कलम १७ ने ती बंद केली आहे.

ड्युटी घेण्याआधी विचारायचे

फोन आला की पगारासोबत एवढेही विचारून घ्या, आणि उत्तरे मेसेजवर मागा.

१. पेशंटला कोणता आजार आहे? क्षयरोग, कावीळ, फ्लू असेल तर आधी सांगणार का?
२. हातमोजे, मास्क, साबण कोण देणार?
३. पेशंटचे वजन किती, उचलायला दुसरे कोण असेल?
४. जेवायला आणि शौचालयाला जागा कोणती? रात्रपाळीत टेकायला मिळेल का?
५. मला ताप आला तर बदली बाई कोण पाठवणार? ते दिवस पगारी आहेत का?
६. ईएसआय लागू आहे का? माझा विमा क्रमांक काय?
७. रात्री परतताना उशीर झाला तर गाडीची सोय काय?

सगळी उत्तरे मनासारखी मिळणार नाहीत. पण एकाच वस्तीतल्या दहा जणींनी तेच सात प्रश्न विचारले तर ब्युरोला उत्तरे तयार ठेवावी लागतात.

विहाराने काय करावे

एकटी ताई खाडा करू शकत नाही, दहा जणी मिळून करू शकतात. म्हणून प्रत्येक विहार समितीला आणि महिला मंडळाला विनंती आहे. आपल्या वस्तीत पेशंटच्या ड्युटीला कोण कोण जाते याची एक वही करा. त्यात नाव, पाळी, कावीळ बी ची लस झाली की नाही, ईएसआय आहे की नाही, एवढे लिहा. त्या वहीतूनच बदलीची यादी तयार होईल. एकीला ताप आला तर दुसरी तिच्या जागी चार दिवस जाईल आणि ड्युटी पहिलीचीच राहील, असे आपसात ठरवा आणि पाळा. वर्षावासाच्या दानातून थोडी रक्कम आजारपणाच्या दिवसांसाठी बाजूला ठेवा. जिचे कार्ड नाही, तिला त्यातून निदान किराणा मिळावा. आशाताईंना एका रविवारी विहारात बोलवा आणि ताप, थुंकी तपासणी, लसीकरण यांची माहिती घ्या.

आणि या रविवारी वंदनेला येण्याआधी प्रत्येक घराने आपला ड्रम घासून कोरडा करावा. वंदना झाल्यावर वहीचे पहिले पान तिथेच बसून लिहून काढावे.